नुसतं डोकावायला

परवा ऑफिसात एक नवीन मुलगा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. काम समजून घेत होता बिचारा. अर्ध्या तासानं त्याला काही राहवलं नाही. म्हणाला, "सर, तुम्ही एकही फाइल उघडत नाही. सारखं स्पेसबार दाबता आणि पुढे जाता. नक्की करताय काय?"

मी म्हटलं, "डोकावतोय."

तो हसला, पण त्याला ते पटलं नसावं. त्याची पिढी सगळं काही एडिटरमध्येच उघडून बसते. डाव्या बाजूला फोल्डरांचं झाड, उजवीकडे तीस-चाळीस टॅब, आणि त्यातला कुठला कशासाठी उघडला होता हे संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही. त्याला मी जे थोडक्यात सांगितलं ते इथं जरा ऐसपैस लिहितो. आणि जे त्याला सांगितलं नाही तेही.

आपल्याकडे एखाद्याच्या घरी जायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे जाऊन बसणं. चपला काढा, पाणी, मग चहा, मग "जेवूनच जा आता". दुसरी म्हणजे दारातूनच. "बसत नाही, घाईत आहे, एवढं एक विचारायला आलो होतो." या दुसऱ्या रीतीवर आख्ख्या गल्लीचे व्यवहार चालतात. वाटी परत द्यायची असते, दवाखाना उघडा आहे का ते विचारायचं असतं. प्रत्येक वेळी बसायचं ठरवलं तर वाटी परत जाणारच नाही.

फाइलींचंही तसंच आहे. एडिटर हे चहा घेतल्याशिवाय न सोडणारं घर आहे. फाइल उघडली की आधी तो स्वतः उघडतो, मग गेल्या वेळच्या फाइली आठवून आठवून उघडतो, 'अलीकडच्या फाइली'च्या यादीत या नव्या फाइलीचं नाव घालतो, आणि बंद करताना चुकून एखादी कळ दाबली गेली असेल तर "बदल जतन करू का?" असं विचारतो. कोणता बदल? मी तर काही केलंच नव्हतं! मग तो प्रश्न बघून छातीत एक बारीकशी कळ येते. मला फक्त एवढंच बघायचं होतं की पोर्ट नंबर लिहिलेली फाइल हीच का दुसरी.

मॅकवर स्पेसबार दाबून फाइलीत डोकावण्याची ही सोय 'क्विक लुक' या नावानं ऑक्टोबर २००७ मध्ये, लेपर्ड नावाच्या आवृत्तीबरोबर आली. फाइलीवर उभं राहायचं, स्पेसबार दाबायचा, एक तरंगती खिडकी येते, आत काय आहे ते दिसतं. पुन्हा स्पेसबार, खिडकी गायब. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे खिडकी उघडी ठेवून बाणाची कळ दाबत खाली उतरत गेलं की एकेक फाइल तिथल्या तिथं बदलत जाते. कपाटातल्या वह्या बोटानं चाळाव्यात तसं.

कल्पना काही नवी नव्हती म्हणा. नव्वदच्या दशकात कॉलेजच्या लॅबमध्ये आम्हाला नॉर्टन कमांडर होता. १९८६ चा तो प्रोग्रॅम, निळ्या पडद्यावर दोन शेजारी-शेजारी याद्या. त्यात एफ-तीन म्हणजे बघा आणि एफ-चार म्हणजे हात लावा. लॅबवाले साहेब बजावायचे की दुसऱ्याच्या फाइलीवर एफ-तीनच दाबायचं. बघणं वेगळं आणि हात लावणं वेगळं, ही शिस्त त्या दोन कळांनी लावली. पुढे माऊस आला, डबल क्लिक आली, आणि दोन्हींचं मिळून एकच होऊन बसलं. २००७ साली तो एफ-तीन स्पेसबारच्या रूपानं परत आला, एवढंच.

पण कंपनीनं दिलेला क्विक लुक साहेबी थाटाचा होता. फोटो, पीडीएफ, गाणी, सिनेमे छान दाखवायचा. आमच्यासारख्यांच्या फाइली म्हटल्या की नाक मुरडायचा. कोड असला तर काळ्या अक्षरांचा सपाट मजकूर. 'रीडमी' किंवा 'मेकफाइल' यांच्या नावाला शेपूट नसतं, म्हणजे टिंबानंतरची ती तीन अक्षरं नसतात, तर तिथं नुसतंच एक कोरं पान आणि खाली आकार: ४ केबी. अरे, चार केबीच आहे, तर दाखव ना!

ही उणीव भरून काढली प्लगिनांनी. ते लिहिणारी माणसं आपापलं काम करून रात्री, शनिवार-रविवारी हे उद्योग करायची. कुणी शेपूट नसलेल्या फाइली दाखवणारं लिहिलं, त्याचं नाव क्यूएल-स्टीफन. कुणी कोड रंगीत करून दाखवणारं, क्यूएल-कलरकोड. कुणी जेसॉन नीट ओळी पाडून, कुणी सीएसव्ही तक्त्यात मांडून, कुणी पॅच फाइलीतल्या वगळलेल्या आणि घातलेल्या ओळी लाल-हिरव्या करून. झिप न सोडता आत काय काय आहे त्याची यादी दाखवणारंही होतं. मार्कडाउन, म्हणजे जॉन ग्रुबरनं २००४ मध्ये आणलेली ती साध्या खुणांची लिहायची पद्धत, तिचे तारे आणि चौकटी काढून टाकून स्वच्छ सजवलेलं पान दाखवणारं तर हवंच. एका फोल्डरात ही बारकी बारकी पुडकी टाकायची, टर्मिनलमध्ये एक आज्ञा द्यायची, झालं. नवीन मॅक मिळाला की घर लावताना आधी देव मांडतात तसं मी आधी हे करायचो.

यानं कामाचा वेग वाढतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्याचं कारण लोक चुकीचं सांगतात असं माझं मत आहे. लोक सेकंद मोजतात. एडिटर उघडायला चार सेकंद, स्पेसबारला अर्धा, दिवसाला शंभर वेळा, मग वर्षाचे एवढे तास वाचले. हा हिशोब मला कधीच पटला नाही. वाचलेले ते तास कुठे गेले? मी तर रोज तितक्याच वाजता घरी जातो. खरा फायदा असा की डोक्यातला धागा तुटत नाही. तारखांची नावं असलेल्या पन्नास लॉग फाइली आहेत आणि त्यातली एक हवी आहे, जिच्यात ती चूक पहिल्यांदा दिसली. बाण, बाण, बाण, ही नाही, ही नाही, हं, ही! या सगळ्या वेळात 'चूक कशानं होत असेल' हा विचार डोक्यात मागे मंद आचेवर चालू राहतो. पन्नास वेळा फाइल उघडून बंद केली तर तो विचार उतू तरी जातो नाहीतर विझून तरी जातो.

विंडोजवाल्यांनी यात वाईट वाटून घेऊ नये. व्हिस्टापासून एक्स्प्लोररच्या उजवीकडे प्रीव्ह्यूची पट्टी आणि तिला प्लगिन जोडायची सोय आहे, आणि २०२३ पासून पॉवरटॉइजमध्ये 'पीक' नावाचं हेच काम करणारं साधन आहे. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर 'सुशी' आहे. टर्मिनलमध्येच राहणाऱ्यांसाठी एफझेडएफच्या शेजारच्या चौकटीत बॅट लावून तर फारच देखणी व्यवस्था होते. मी स्वतः हल्ली ऑफिसात बराच वेळ तीच वापरतो.

एक गंमत सांगायची राहिली. २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट ही भाषा आली आणि तिनं आपल्या फाइलींसाठी 'टीएस' हे शेपूट घेतलं. आता हेच शेपूट आधीपासून एका व्हिडिओ प्रकाराचं, एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं होतं. मॅकला ते जुनं नातं पक्कं ठाऊक. त्यामुळे आम्ही दिवसरात्र लिहिलेल्या टाइपस्क्रिप्टवर स्पेसबार दाबला की मॅक ती सिनेमा समजून बसतो. आणि काही प्रकार व्यवस्थेनं स्वतःकडे राखून ठेवलेले आहेत, टीएस, एक्सएमएल, एचटीएमएल वगैरे. तिथं बाहेरच्या प्लगिनाचं काही चालत नाही. फाइल माझी, तिच्यात काय आहे ते मला माहीत, आणि ती काय आहे हे ठरवणार दुसराच कुणी. यावर हसावं की चिडावं ते दिवसावर अवलंबून आहे.

असो. आता त्या मुलाला न सांगितलेला भाग.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शुक्रवारी संध्याकाळी (या गोष्टी शुक्रवारी संध्याकाळीच का घडतात?) मला सर्व्हरवर जाणारी एक कॉन्फिगरेशनची फाइल तपासून 'ठीक आहे' म्हणायचं होतं. मी स्पेसबार दाबला. रंगीत, सुबक, सगळ्या ओळी जागच्या जागी. ठीक आहे म्हटलं आणि घरी गेलो. रात्री साडेदहाला फोन. फाइलीच्या अगदी शेवटी, खूप खाली, कुणीतरी तपासणीसाठी घातलेली एक ओळ राहून गेली होती आणि ती वरच्या सगळ्याला धुऊन टाकत होती. ती ओळ मला दिसली नाही, कारण मी वापरत होतो ते प्लगिन मोठ्या फाइलीचा सुरुवातीचा ठरावीक भागच वाचायचं. तसं असणं बरोबरच आहे, नाहीतर दोन जीबीच्या लॉगवर स्पेसबार दाबला की मॅक हातपाय झाडेल. आणि हे त्या प्लगिनाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं. म्हणजे, डोकावलं होतं त्यात.

दारातून बोलून आलेला माणूस "त्यांच्याकडे सगळं ठीक आहे" असं सांगतो ना, तसं झालं. आतल्या खोलीत कोण आजारी आहे ते त्याला कसं कळणार? त्या रात्री मी स्वतःसाठी एक नियम केला: शोधायला स्पेसबार, सही करायला एडिटर. तो मी बऱ्यापैकी पाळतो. नेहमी नाही.

दुसरी भीती याहून मोठी आहे आणि ती फक्त माझी नाही. आपण म्हणतो की फाइल उघडली नाही, नुसती पाहिली. पण 'नुसती पाहिली' असं काही संगणकात नसतंच. ती दिसण्यासाठी कुणीतरी तिचे बाइट वाचावे लागतात, त्यांचा अर्थ लावावा लागतो, म्हणजे कोड चालवावा लागतो. २००५ च्या शेवटी विंडोजमध्ये डब्ल्यूएमएफ चित्रांची जी भानगड झाली तिच्यात चित्र नुसतं दिसलं तरी पुरेसं होतं. २०१० मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेटनं तर कमाल केली. पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकटचं चिन्ह एक्स्प्लोररनं पडद्यावर काढलं, एवढ्यावर काम झालं. डबल क्लिकसुद्धा नको! २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच्या फाइलींची क्विक लुकनं काढलेली छोटी चित्रं कुलपाबाहेर साठून राहतात. आणि ऑक्टोबर २०२५ पासून तर विंडोजनं इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रीव्ह्यूच आपण होऊन बंद केला, कारण नुसत्या डोकावण्यातून पासवर्डाचे अवशेष बाहेर पडू शकत होते.

आता आठवा, माझ्या त्या फोल्डरात कोण कोण बसलेलं होतं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या अनोळखी माणसांनी लिहिलेली दहा-बारा प्लगिनं, आणि ती मी न उघडलेल्या प्रत्येक फाइलीवर हात फिरवत होती. त्यांचा हेतू चांगलाच होता याबद्दल मला शंका नाही. पण घराची किल्ली शेजाऱ्यांना देताना आपण निदान त्यांचं आडनाव तरी विचारतो.

म्हणून २०१९ मध्ये, कॅटालिना आवृत्तीच्या वेळी, मॅकनं नवी रीत आणली तेव्हा मी मनातून तिच्या बाजूनं होतो. नवं प्लगिन एखाद्या ॲपच्या पोटातच असलं पाहिजे, त्याला चौकट आखून दिलेली, त्या चौकटीबाहेर हात घालायचा नाही, आणि लोकांना वाटायचं तर कंपनीकडून तपासून शिक्का घ्यायचा. त्यावर लोकांनी काय केलं? क्वारंटाइनचा शिक्का पुसून टाकणारी एक आज्ञा एकमेकांना सांगितली आणि जुनी पुडकी चालू ठेवली. मीही तेच केलं. पाच वर्षं इशारे येत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सिक्वोया आली आणि जुन्या पद्धतीच्या प्लगिनांचा आधारच काढून घेतला. काहींचे नवे अवतार झाले आहेत, 'सिंटॅक्स हायलाइट' आणि नवं 'क्यूएलमार्कडाउन' चांगली आहेत, मी वापरतो. बाकीची कितीतरी तशीच राहिली. लिहिणाऱ्यांना मुलं झाली असतील, नोकऱ्या बदलल्या असतील.

चौकट बरोबर आहे. पण शिक्क्याचा खर्च मला बरोबर वाटत नाही. लोकांना निश्चिंतपणे वापरता येईल असं काही द्यायचं तर डेव्हलपर म्हणून वर्षाला ९९ डॉलर भरायचे. ज्याच्या धंद्याचं ॲप आहे त्याला हे काहीच नाही. पण ज्यानं रविवारी दुपारी दोनशे ओळी लिहून शेजाऱ्यापाजाऱ्यांची सोय केली, त्यानं दर वर्षी पैसे भरून ती सोय करावी? तो करत नाही. आणि मग ज्या फाइली कुणाच्याच धंद्याच्या नाहीत त्या कोऱ्या पानासारख्या दिसतात.

हे मी इतकं तावातावानं का बोलतोय? कारण अशा फाइली माझ्या घरात आहेत.

बाबा शाळेतून निवृत्त झाले तेव्हा १९९९ मध्ये आम्ही त्यांना एक जुना संगणक घेऊन दिला. विंडोज ९८. डीटीपीच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसानं एक मराठी फॉन्ट टाकून दिला आणि नोटपॅडला लावून दिला. बाबा रोज सकाळी पूजा झाली की तासभर टाइप करायचे. गावाकडच्या आठवणी, माणसं, झाडं, भांडणं, कुणाच्या शेताची हद्द कुठून जायची ते. दहा वर्षांत ३१२ फाइली. नावं मात्र शिक्षकी: १-१, १-२, १-३. पहिला आकडा वहीचा आणि दुसरा पानाचा, हे त्यांच्या डोक्यात. २०११ मध्ये ते गेले.

ज्यांनी त्या काळात मराठीत काम केलंय त्यांना पुढची गोष्ट ठाऊक असेल. ते शुषा, किरण, शिवाजी वगैरे फॉन्ट म्हणजे एक वेषांतर होतं. फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असायच्या. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढायचा, इथं काना, तिथं अर्धा 'त'. युनिकोड १९९१ पासून होता, पण त्या संगणकावरच्या नोटपॅडला त्याचा उपयोग नव्हता. शिवाय प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी. आणि साध्या मजकुराच्या फाइलीत फॉन्टचं नाव लिहिलेलं नसतं. फॉन्ट गेला की मागे उरतो तो नुसता इंग्रजी अक्षरांचा भुगा. माझ्या मॅकवर बाबांच्या आठवणी अशा दिसायच्या की जणू मांजर कीबोर्डावरून चालत गेलंय.

२०१३ मध्ये मी त्यांच्यासाठी एक प्लगिन लिहिलं. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक. फाइलींना माझं स्वतःचं एक शेपूट जोडलं, आणि त्या शेपटाची फाइल आली की प्रत्येक खूण बदलून देवनागरी अक्षर ठेवायचं असं एक कोष्टक केलं. त्यात भानगडी पुष्कळ. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच आधी टाइप करायची, म्हणजे तिला उचलून अक्षरानंतर ठेवावं लागे. रफार नेमका उलटा, तो मागून यायचा आणि पुढे न्यावा लागे. शेवटी जमलं. फाइलीला हात न लावता, जशीच्या तशी ठेवून, स्पेसबार दाबला की बाबांचं मराठी.

आई शेजारी बसायची. "ती आडाची गोष्ट कुठंय रे?" की मी स्पेसबार दाबून बाण दाबत जायचो. नावावरून काहीच कळत नसल्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. वाटेत दुसरंच काही दिसलं की ती म्हणायची, "थांब थांब." मग तिथंच अर्धा तास. दर दिवाळीत, बाबांच्या तिथीला, कधी उगीच रविवारी. अकरा वर्षं असं चाललं.

सिक्वोया चढवल्यानंतर पहिल्यांदा आईनं विचारलं तेव्हा मी स्पेसबार दाबला आणि कोरं पान आलं. खाली आकार, तारीख. बाण दाबला, पुढचंही कोरं. आई काही क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "गेलं का सगळं?"

गेलेलं काहीच नव्हतं. एक बाइटही हललेला नव्हता. दोष द्यायचा तर मलाच, पाच वर्षं इशारे वाचून मी पुढे सरकलो होतो. मी तिला समजावलं आणि त्याच आठवड्यात नव्या पद्धतीनं प्लगिन लिहायला बसलो. स्वतःच्या मशीनपुरतं करायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन रात्रींचं काम. अर्ध्यात आलो आणि थांबलो. कारण मला लख्ख दिसलं की ही अकरा वर्षं मी त्या फाइली नुसत्या बघत होतो. त्या होत्या तिथंच होत्या, त्याच मेलेल्या फॉन्टात. मला बघता येत होतं म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत होतं. उद्या माझ्या मुलीनं ते फोल्डर तिच्या लॅपटॉपवर घेतलं असतं तर तिला मांजराची पावलं दिसली असती. चांगल्या प्रीव्ह्यूनं दुखणं झाकलं जातं. माझ्या प्लगिनाबद्दल मला अभिमान होता आणि अजून आहे, पण त्यानं मला अकरा वर्षं निवांत ठेवलं हेही खरं.

मग प्लगिन बाजूला ठेवलं आणि मूळ फाइलींची प्रत कुलपात ठेवून सगळं युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. कोष्टक तर तयारच होतं, एका संध्याकाळचं काम असं वाटलं. तिथं फसलो. प्रीव्ह्यूत दिसलेली चूक आपण नजरेनंच दुरुस्त करून पुढे जातो. 'विहीर'ची वेलांटी चुकली तरी विहीरच वाचतो. पण बदलून लिहायचं म्हणजे ती चूक आता बाबांच्या नावावर कायमची. कोष्टकातल्या दोन-तीन जागा मी २०१३ मध्ये अंदाजानं भरल्या होत्या, त्या आता सोडवत नव्हत्या. आणि सर्वांत अवघड म्हणजे चूक माझ्या कोष्टकाची, की बाबांच्या टाइपिंगची, की ती चूकच नाही आणि गावाकडचा शब्द तसाच आहे, हे संगणक सांगू शकत नाही.

आई सांगू शकते. म्हणून आता रविवारी आम्ही दोघं बसतो. एका बाजूला जुनं, एका बाजूला नवं. स्पेसबार नाही, फाइल उघडून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मोठ्यानं वाचायचं काम माझं. गेल्या रविवारी 'आडुळसा'च्या जागी 'अडुसळा' आलं. मी म्हटलं, हे कोष्टकाचं, बदलतो. आई म्हणाली, "राहू दे. ते तसंच म्हणायचे. मी किती वेळा सांगितलं होतं."

८७ झाल्या आहेत. ८८ वी फाइल लांबलचक आहे, हद्दीच्या भांडणाची, आणि तिच्यात आईच्या माहेरच्यांबद्दल बरंच काही आहे म्हणे. ती तिला आधी एकटीनं वाचायची आहे. चष्मा लावून, अक्षर मोठं करून दे म्हणाली.